मूत्राशयाचा कर्करोग : दोन तपासण्यांमधले दिवस कसे काढता?

सांजवेळ

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज बसलेच. वय ५७, मूत्राशयाचा कर्करोग. "आहे" म्हणू की "होता", ते मला अजून ठरवता येत नाही. मागच्या दोन दुर्बिणींत, म्हणजे मूत्राशयात नळी घालून केलेल्या तपासण्यांत, काही निघालं नाही. तिसरी तीन आठवड्यांवर आली आहे आणि आत्तापासूनच रात्री अडीच-तीनला जाग येते.

आधी सुरुवातीचं सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. एके दिवशी लघवी फिकट गुलाबी झाली. दुखणं नाही, जळजळ नाही, ताप नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीसारखी. मी मनाची समजूत घातली. पाच आठवड्यांनी पुन्हा तेच, या वेळी रंग गडद. डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या. कल्चरमध्ये जंतू आले नव्हते, तरी गोळ्या. रक्त थांबलं, मला वाटलं गोळ्यांनीच थांबलं. असं तीनदा झालं आणि सात महिने गेले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली, तेव्हा मूत्राशयाच्या भिंतीला धरून अडीच सेंटिमीटरची गाठ दिसली.

त्या सात महिन्यांचा राग अजून जात नाही. हा आजार पुरुषांत बायकांच्या तीन ते चारपट आढळतो. त्यामुळे बाईच्या लघवीत रक्त दिसलं की आधी इन्फेक्शन आठवतं, मग पाळी, मग उतारवय, आणि हे सगळ्यात शेवटी. म्हणून हात जोडून सांगते : न दुखता लघवीतून रक्त गेलं, एकदाच जरी गेलं, तरी युरोलॉजिस्टकडे जा. रक्त थांबलं म्हणजे कारण गेलं असं नाही. ही गाठ मध्येच रक्त सोडते आणि मग महिनोन्महिने गप्प राहते.

पुढे दुर्बिणीतून गाठ काढली. रिपोर्ट हाय ग्रेड (आक्रमक पेशी), टी-वन. म्हणजे अस्तराखालच्या थरात उतरलेली, पण स्नायूत न शिरलेली. पाच आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा दुर्बीण घालून खरवडलं, काही मागे राहिलंय का ते बघायला. मग बीसीजीचे, म्हणजे नळीने मूत्राशयात सोडायच्या औषधाचे, सहा डोस, आठवड्याला एक. नंतर ठरावीक महिन्यांनी तीन-तीन.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. पहिल्या बीसीजीच्या दिवशी मी बाकावर बसले होते. हातात माहितीचा कागद, तीनदा वाचलेला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पहिलाच का?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "दोन तास आत धरून ठेवायला सांगतील. मला पहिल्यांदा सव्वा तासच जमलं. मी रडले. नर्स म्हणाली, हरकत नाही. दुसऱ्या खेपेला पावणेदोन तास जमलं. तुम्हालाही जमेल, नाही जमलं तर सांगून मोकळ्या व्हा."

कागदावर दोन तास लिहिलं होतं. सव्वा तास कुठेच नव्हतं. त्या दिवशी मला एक तास वीस मिनिटं जमलं आणि मी रडले नाही.

त्या बाईंचं नावही मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यापासून आमच्या वेळा बदलल्या. तेव्हापासून वाटतं, असं सांगणारं माणूस प्रत्येकाला भेटायला हवं. तुमच्यापैकी कुणी या वाटेवर आहे का? तपासणीची तारीख जवळ आली की काय करता? घरचे फार जीव लावतात, पण त्यांच्यापुढे मला धीराचं तोंड करावं लागतं.

मोकळाश्वास

सांजवेळताई, मी आहे. वय ६८, पिशवीला नऊ वर्षं झाली. माझी गाठ स्नायूत गेली होती, त्यामुळे आधी केमो आणि मग मूत्राशय काढावं लागलं, सोबत प्रोस्टेटही. लहान आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा करून त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि त्याचं एक तोंड पोटावर उघडतात. तो स्टोमा. त्यावर लघवी साठायची पिशवी.

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी मी ठरवलं होतं की नकोच. असं जगण्यापेक्षा आहे ते बरं. बायको काही बोलली नाही. तिने स्टोमाच्या नर्सला विचारून एका गृहस्थांना घरी बोलावलं. ते आले, बसले, पाणी प्यायले, आणि इकडचं तिकडचं काही न बोलता उभे राहून त्यांनी शर्ट वर केला. "हे असं असतं," म्हणाले. नाभीच्या उजवीकडे, थोडं खाली, चपटी पिशवी. मी तिच्याकडे बघत राहिलो. इतका वेळ ते माझ्यासमोर होते आणि शर्टाखाली काही आहे हे मला कळलंही नव्हतं.

मग मी विचारलेला पहिला प्रश्न, "वास येतो का?" ते म्हणाले, "तुम्हाला आला का?"

ऑपरेशनला मी त्या संध्याकाळी हो म्हणालो. सर्जननी तीनदा समजावलं होतं, चांगलंच समजावलं होतं. पण त्यांच्या पोटावर पिशवी नव्हती.

उंबरठा

मी पेशंट नाही, पेशंटची बायको. लिहिलं तर चालेल ना?

यांना निओब्लॅडर आहे. आतड्याचा साधारण अर्धा मीटर भाग घेऊन त्याचंच नवं मूत्राशय शिवलं आणि ते खालच्या मूळच्या वाटेला जोडलं. बाहेर पिशवी नाही, म्हणून लोकांना वाटतं सगळं पूर्वीसारखं झालं. तसं नाही हो. या नव्या मूत्राशयाला लघवी लागल्याची जाणीव नसते. पोटात जडपणा येतो, तोच इशारा. सुरुवातीला दर दोन तासांनी, मग तीन, मग चार, असं घड्याळ लावून जायचं. पोटावर दाब देऊन रिकामं करायचं. आतड्याचा चिकट स्राव लघवीत येतच राहतो, पहिल्यांदा तो बघून आम्ही घाबरलो होतो.

दिवसा चार महिन्यांत आटोक्यात आलं. रात्रीचं वर्षभर चाललं. गजर दोनला आणि पाचला. हे उठायचे, मी उठायचे, चादर बदलायची, परत झोपायचं. एका पहाटे ओली चादर हातात घेऊन मी न्हाणीघरात उभी होते आणि मला इतका राग आला की पाय कापायला लागले. राग कुणावर, ते आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या एका पेशंटच्या बायकोला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "चादरीखाली दोन थर घाला, एक काढला की खाली कोरडा तयार. आणि आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या खोलीत झोपा, तो गजर त्यांचा आहे." हे कुणी सांगितल्याशिवाय मी स्वतः केलं नसतं. नवऱ्याला सोडून दुसऱ्या खोलीत झोपणं मला पाप वाटत होतं.

एकटाप्रवासी

वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

माझी गाठ लहान, लो ग्रेड, फक्त अस्तरातली. काढली, त्याच दिवशी मूत्राशयात केमोचा एक डोस दिला, बाकी काही नाही. पहिली दुर्बीण तीन महिन्यांनी, आता वर्षातून एकदा. पण निदान झाल्यावर पहिले दोन महिने मी दिवसरात्र दुसऱ्यांचे अनुभव वाचले. कुणाचं मूत्राशय काढलं, कुणाला फुफ्फुसात गेलं. प्रत्येकाचं दुखणं मला माझं वाटायला लागलं. झोप गेली, वजन गेलं. शेवटी वाचणं बंद केलं तेव्हा माणसात आलो. सगळ्यांनाच आधार असा मिळत नाही. काहींना अंतर लागतं.

सांजवेळ

एकटाप्रवासी, राग कसला? उलट बरं झालं तुम्ही लिहिलंत. सुरुवातीला माझंही तसंच झालं होतं. फरक एवढाच की मला वाचून त्रास झाला आणि बोलून बरं वाटलं. वाचताना समोरचा माणूस थांबत नाही, आपल्याला झेपतंय का ते बघत नाही. बाकावरच्या बाईंनी माझा चेहरा बघून तेवढंच सांगितलं.

मोकळाश्वास

एकटाप्रवासी यांचं बरोबर आहे, आणि आमच्यासारख्या जुन्यांनीच ते ध्यानात ठेवायला हवं. नवीन कुणी भेटलं की मी आधी विचारतो, ग्रेड कोणता, गाठ कुठल्या थरापर्यंत. निदानाच्या वेळी साधारण दर चारातल्या तिघांची गाठ स्नायूत शिरलेली नसते. त्यांच्यापुढे मी माझ्या ऑपरेशनचं पुराण लावलं तर ती मदत नव्हे, छळ झाला. ही गाठ परत परत येऊ शकते, म्हणून तपासणी चुकवायची नाही. पण परत येणं आणि खोल जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लो ग्रेडवाल्यांना हे मी मुद्दाम सांगतो.

पाऊलखुणा

मी मुलगी. बाबा ७१ वर्षांचे. दोन आठवड्यांपूर्वी रिपोर्ट आला, गाठ स्नायूत आहे. चार केमो आणि मग मूत्राशय काढायचं असं सांगितलं आहे. बाबांनी सरळ नाही म्हणून टाकलंय. "पिशवी लावून हिंडणार नाही." त्यावर चर्चाच नाही. खोलीत जाऊन दार लावून घेतात.

त्यांनी चाळीस वर्षं सिगारेट ओढली. परवा रागाच्या भरात माझा भाऊ म्हणाला, "तुम्हीच ओढवून घेतलंत." तेव्हापासून ते आमच्या कुणाशीच धड बोललेले नाहीत. सिगारेट आणि मूत्राशय यांचा खरंच एवढा संबंध असतो का? मला वाटायचं फुफ्फुसाचाच असतो.

रात्रपाळी

संबंध आहे, आणि थोडाथोडका नाही. या आजाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत तंबाखूचा धूर हे कारण धरलं जातं. धुरातली विषारी द्रव्यं फुफ्फुसातून रक्तात जातात, मूत्रपिंड ती गाळून लघवीत टाकतं, आणि लघवी तासन्‌तास मूत्राशयात साठून राहते. विष तिथे भिंतीला लागून बसतं. शरीर घाण बाहेर टाकायचं काम करत असतं, आणि त्याच वाटेवर हे होतं.

पण ताई, मी कधीच सिगारेट ओढली नाही. मी तेवीस वर्षं रंगाच्या कारखान्यात होतो. १८९५ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठींबद्दल सांगितलं होतं. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी हे माहीत होतं. मला मात्र हे माझा रिपोर्ट आल्यावर कळलं. कारखान्यात सुरुवातीची काही वर्षं आम्हाला साधे हातमोजेही नव्हते. संध्याकाळी हात धुतले की पाणी जांभळं व्हायचं, आणि आम्ही ते एकमेकांना कौतुकाने दाखवायचो.

तर तुमच्या भावाला सांगा, तो बोलला ते खोटं नसेलही, पण बाबांना ते आधीच माहीत आहे. रात्री जाग आल्यावर ते दुसरं काय मोजत असतील? आता सिगारेट सोडली तर केमो सोसायला, जखम भरायला नक्की फायदा होतो. तेवढं बोला. मागचं नको.

पाऊलखुणा

भावाला हे वाचायला दिलं. तो काही बोलला नाही, पण आज बाबांच्या खोलीत जाऊन बसला होता.

शुभ्रकणी

मी स्टोमाची नर्स आहे. मधे पडते, कारण पाऊलखुणा यांच्या बाबतीत काही गोष्टी वेळेत विचारायला हव्यात.

पहिली : स्नायूतली गाठ म्हणजे प्रत्येक वेळी मूत्राशय काढणं हाच एक मार्ग असतो असं नाही. काही निवडक रुग्णांत दुर्बिणीतून गाठ शक्य तेवढी पूर्ण काढून मग केमो आणि रेडिएशन एकत्र देतात आणि मूत्राशय ठेवतात. तुमच्या बाबांना ते लागू पडेल का, हे त्यांचे डॉक्टरच सांगतील. एकच गाठ आहे की जास्त, मूत्रपिंडाला सूज आहे का, मूत्राशय काम कसं करतंय, यावर ते ठरतं. पण विचारा. "नाही" असं उत्तर आलं तरी बाबांना कळू द्या की विचारलं होतं.

दुसरी : ऑपरेशन ठरलं तर स्टोमाची जागा आधी आखून घ्या. माणूस उभा असताना, बसल्यावर, वाकल्यावर पोटाला घड्या कुठे पडतात, पट्टा कुठे येतो, त्याला स्वतःला ती जागा दिसते का, हे सगळं बघून पेनाने खूण करायची असते. ती खूण नीट झाली तर पुढची अर्धी गळती टळते. मी हे करताना पेशंटला म्हणते, नेहमी बसता तसे बसा, ताठ बसू नका. पोट आत ओढून धरलं की खूण चुकते.

सांजवेळ, बीसीजीबद्दलही एक. थंडी वाजणं, अंग मोडून येणं, दिवस-दोन दिवस जळजळ हे अपेक्षित आहे. पण ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, किंवा हलका ताप असला तरी दोन दिवसांत उतरला नाही, तर वाट न बघता फोन करायचा. ही क्षयाची लस आहे, जंतू कमजोर असले तरी जिवंत असतात. म्हणूनच लघवीत रक्त असेल, इन्फेक्शन असेल किंवा नळी घालताना जखम झाली असेल तर त्या दिवशी डोस पुढे ढकलतात. डोस पुढे गेला की लोक रडकुंडीला येतात, मी रोज बघते. तो आठवडा वाया जात नाही, तुमचं रक्षण होतं.

सांजवेळ

माझा चौथा डोस असाच पुढे गेला होता. मला वाटलं, आता सगळं बिनसलं. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

क्षयाच्या लशीचं मलाही नवल वाटतं. १९२१ मध्ये पहिल्यांदा माणसाला दिलेली ही लस. मग १९७६ मध्ये कॅनडात डॉ. अल्वारो मोरालेस यांनी ती मूत्राशयात सोडून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. रुग्ण होते फक्त नऊ. डोस घेऊन कूस बदलत पडून राहायचे, तेव्हा मी त्या नऊ जणांचा विचार करायचे. त्यांना "मला सव्वा तास जमलं" असं सांगायला कुणी नव्हतं.

रात्रपाळी

सांजवेळ, तुमच्या सात महिन्यांवरून आठवलं. अमेरिकेचे उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या लघवीत १९६७ मध्ये रक्त आलं होतं. तपासलेल्या पेशींवर तज्ज्ञांचं एकमत झालं नाही. १९७६ मध्ये मूत्राशय काढावं लागलं आणि १९७८ च्या जानेवारीत ते गेले. पुढे १९९४ मध्ये संशोधकांनी १९६७ चा जपून ठेवलेला नमुना नव्या पद्धतीने तपासला, तर कर्करोगाच्या जनुकातला बदल त्यात तेव्हाच होता. एवढ्या मोठ्या माणसाच्या, एवढ्या डॉक्टरांच्या नजरेतून ते निसटलं. तुमचा राग रास्त आहे, पण "मीच आधी दुसरीकडे जायला हवं होतं" असं मनात असेल तर ते काढून टाका.

सांजवेळ

आहे मनात. तुम्हाला कसं कळलं?

किनारा

मी फक्त वाचत होते. लिहावं की नाही, चार दिवस ठरत नव्हतं.

माझे पती दीड वर्षापूर्वी गेले. ऑपरेशननंतर अकरा महिन्यांनी यकृतात आणि हाडांत निघालं. तेव्हापासून आमच्याकडे येणारे लोक कमी झाले. इतर पेशंटही. मी समजू शकते, आमच्याकडे बघून त्यांना भीती वाटत असणार. पण यांना ते फार लागलं. एकदा म्हणाले, "मी आता कुणासाठी चांगली बातमी राहिलो नाही."

एक जण मात्र शेवटपर्यंत होते. केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर असायचे, त्यांचा आजार आटोक्यात होता. दर मंगळवारी संध्याकाळी फोन करायचे आणि दोघं फोनवर बुद्धिबळ खेळायचे. यांच्या पलंगाशेजारी पट मांडलेला, त्यांच्या घरी त्यांचा. एका फोनला चार-पाच चाली. तब्येत कशी आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही, निदान फोनवर तरी नाही. शेवटच्या महिन्यात यांच्याच्याने सोंगटी उचलवत नव्हती, मी हलवायची. एक डाव अर्धा राहिला. तो पट मी पंधरा दिवस तसाच ठेवला होता. मग तेच गृहस्थ घरी आले, पटाशेजारी बसले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "यांचीच बाजू वरचढ होती."

तुम्ही सगळे एकमेकांना धीर देता आहात ते बघून बरं वाटतं. पण ज्यांचं बरं होणार नाही त्यांचा फोनही लावत जा. एवढंच.

मोकळाश्वास

ताई, मी असा एक फोन टाळलेला आहे. तीन वर्षं झाली. तुमचं वाचून आज त्यांच्या घरी फोन केला. मुलगा बोलला. उशीर झाला हे माहीत होतं, तरी केला.

शुभ्रकणी

किनारा, तुम्ही लिहिलंत ते फार गरजेचं होतं. ज्यांचा आजार आज पसरलेला आहे ते कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी : गेल्या काही वर्षांत या टप्प्यावरचे उपचार बरेच बदलले आहेत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही जोडी पसरलेल्या आजाराच्या सुरुवातीच्या उपचारासाठी मंजूर केली. नुसत्या केमोपेक्षा या जोडीने रुग्ण जास्त काळ जगले. सगळ्यांना चालते असं नाही, पुरळ आणि हातापायांना मुंग्या येतात, साखरही वाढू शकते. पण "आता काही उरलं नाही" असं ऐकायला मिळालं तर दुसरं मत जरूर घ्या.

एकटाप्रवासी

वाचणं बंद केलंय असं लिहिलं होतं, पण रोज इथे येतोय. किनारा यांचं वाचून बराच वेळ नुसता बसलो. माझ्या ओळखीत एक जण आहेत, निदान झाल्यापासून मी त्यांना टाळतोय. त्यांना पत्ते आवडतात.

सांजवेळ

काल दुर्बीण झाली. सांगते.

बधिर करणारी जेली सोडल्यावर पाच मिनिटं थांबा, असं मी या वेळी स्वतःहून म्हटलं. आधीच्या खेपेला घाई झाली होती आणि फार झोंबलं होतं. नर्स थांबल्या. पायाची बोटं हलवत राहिले, श्वास सोडताना नळी आत गेली. पडद्यावर बघायला मला आधी नको वाटायचं, काल बघितलं. आतली भिंत फिकट गुलाबी, त्यावर बारीक तांबड्या शिरा, आणि जुन्या जखमेच्या जागी पांढरा व्रण. त्याच्या बाजूला नखाएवढा लालसर चट्टा. डॉक्टर म्हणाले, बीसीजीनंतर असे चट्टे येतात, बहुतेक वेळा नुसता दाह असतो, पण हाय ग्रेड होता म्हणून तुकडा घेऊ. घेतला. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील.

म्हणजे "आहे" की "होता", ते अजून अधांतरीच. रात्री झोप लागली नाही. पण अडीचला उठून हा धागा पहिल्यापासून वाचला, आणि या वेळी घरी कुणासमोर धीराचं तोंड केलं नाही. मुलाला सांगितलं, मला भीती वाटते आहे. तो म्हणाला, "मलाही." मग आम्ही दोघं पहाटेपर्यंत बसलो.

उंबरठा

सांजवेळताई, रिपोर्ट येईपर्यंत रोज रात्री नऊला मी इथे डोकावेन. मला दोनच्या गजराची सवय आहे, अडीचलाही जागी असेन.

पाऊलखुणा

मोकळाश्वास काका, तुमच्यासाठी एक प्रश्न आहे. माझा नाही, बाबांचा.

शर्ट वर करणाऱ्या गृहस्थांचं मी त्यांना वाचून दाखवलं होतं. तेव्हा काही बोलले नाहीत. आज जेवताना अचानक म्हणाले, "त्या माणसाला विचार, रात्री पोटावर झोपता येतं का? मला पोटावर झोपल्याशिवाय झोप येत नाही." आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं विचारते.

मोकळाश्वास

येतं. मीही पोटावर झोपणारा होतो.

पहिले दोन-तीन महिने नाही, जखम दुखते आणि मनही धजत नाही. तेव्हा डाव्या कुशीवर झोपायचं, पोटाशी एक लहान उशी घेऊन, म्हणजे पिशवी लोंबकळत नाही. माझा स्टोमा उजवीकडे आहे. पुढे पोटावर झोपताना उजवा गुडघा वर दुमडून त्याखाली उशी घ्यायची. त्या बाजूला पोट गादीपासून चार बोटं उचललेलं राहतं आणि पिशवीवर भार येत नाही.

रात्री पिशवीला लांब नळी जोडून खाली मोठी पिशवी लावायची. जोडायच्या आधी पोटावरच्या पिशवीत थोडी लघवी असू द्यायची, सगळी रिकामी करायची नाही, नाहीतर नळीत हवा अडकते, लघवी खाली उतरत नाही आणि पिशवी फुगून कडेने सुटते. हे मला पहिल्याच आठवड्यात, ओल्या अंथरुणात कळलं. नळी पायजम्याच्या पायातून खाली सोडायची म्हणजे कूस बदलताना गुंडाळत नाही. आणि पिशवी बदलायची ती सकाळी उठल्या उठल्या, पाणी प्यायच्या आधी, तेव्हा थेंब कमी पडतात. तोपर्यंत स्टोमाच्या तोंडावर कापसाची गुंडाळी धरायची, भोवतालची कातडी कोरडी झाली की मगच चिकटवायची. नवी पिशवी तळहातांत धरून जरा ऊब दिली की चांगली बसते.

हे सगळं त्यांना एकदम सांगू नकोस. आज फक्त सांग, पोटावर झोपता येतं. आणि ते दुपारी कधी मोकळे असतात ते कळव. फोन नको, मी येऊन भेटतो.